कोणती पिन काढू?

गेल्या रमजान ईदच्या चांदरातीची गोष्ट. मी दूध आणि शेवया आणायला बाजारात गेलो होतो. घरी आपा तिच्या मुलांना घेऊन आली होती. सकाळच्या नमाजसाठी सगळ्यांचे कपडे इस्त्री करायचे, म्हणून हॉलमधल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन इस्त्र्या लागलेल्या. एक आमची, एक आपाने सोबत आणलेली. त्याच बोर्डावर कूलरही चालू. मुलींच्या आणि माझ्या पत्नीच्या हातांवर ओली मेंदी. शेजारी तख्तावर अम्मी तस्बीह घेऊन बसलेली.

जळका वास पहिल्यांदा अम्मीला आला. तिने आवाज दिला तेव्हा शोकेसच्या मागून बारीकसा धूर निघत होता. शोकेसच्या मागे भिंतीतल्या बोर्डावर चार पिना होत्या. चारही काळ्या, चारही सारख्या. त्यातली एक एक्स्टेन्शनची होती. मेंदीच्या हातांनी कुणी पुढे होईना. अम्मी उठली, शोकेसच्या फटीत हात घालून उभी राहिली आणि ओरडली, "कौनसी पिन काडूं रे?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिने एक पिन ओढली, टीव्ही बंद झाला. दुसरी ओढली, राउटर बंद झाला. वास चालूच. शेवटी आपाचा बारा वर्षांचा मुलगा जिन्यातल्या मीटरपेटीकडे धावला. तिथेही कोणतं बटण कशाचं हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने सगळीच खाली पाडली. मी दुधाची पिशवी घेऊन परतलो तेव्हा पूर्ण मोहल्ल्यात रोषणाई होती आणि फक्त आमचं घर अंधारात होतं.

अल्लाहचे आभार, कुणाला काही झालं नाही. बॅटरीच्या उजेडात मी शोकेस ओढलं आणि मागचं भेंडोळं बाहेर काढलं. ते भेंडोळं मीच बांधलं होतं. एक्स्टेन्शनची वायर लांब होती, पायात यायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी ती गोल गुंडाळली, तीन ठिकाणी केबल टाय ओढून घट्ट आवळली आणि दिसू नये म्हणून शोकेसच्या मागे कोंबली. पत्नीने तेव्हा कौतुकही केलं होतं. आता त्या भेंडोळ्यातले आतले वेढे एकमेकांना चिकटून एक झाले होते. वरचं प्लास्टिक मऊ पडून काळं झालं होतं. गंमत अशी की माझे तिन्ही टाय शाबूत होते. वायर वितळली, बांधलेलं सुटलं नाही.

त्या रात्रीपासून या विषयावर माझं एक मत झालं आहे. घरातल्या वायरी नीट लावणं हे घर सुंदर दिसण्याचं काम नाही. वेळ आली तर घरातल्या कुणालाही, म्हाताऱ्या अम्मीला आणि लहान मुलाला, काय बंद करायचं हे दोन सेकंदांत कळावं, यासाठी ते करायचं असतं. मी वायरी लपवल्या होत्या, लावल्या नव्हत्या. बहुतेक घरांत हीच चूक होते असं मला वाटतं.

आधी त्या रात्री नेमकं काय झालं ते समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय टायचं पाकीट विकत आणण्यात अर्थ नाही. साधी इस्त्री 1000 वॅटची असते. दोन इस्त्र्या म्हणजे 2000 वॅट. आपल्याकडे घरात 230 व्होल्टची वीज येते. 2000 ला 230 ने भागलं तर सुमारे 8.7 अँपिअर. वर कूलर धरला तर नवाच्या पुढे. आमचा बोर्ड होता 6 अँपिअरचा, लहान पिनेचा. वायरीतून जाणारा प्रवाह दीडपट झाला की उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. मोकळ्या हवेत पसरलेली वायर ही उष्णता बाहेर टाकते. गुंडाळून आवळलेल्या वायरीतल्या आतल्या वेढ्यांना हवाच मिळत नाही. प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला तापवतो. म्हणून रिळावर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर जड कामाला लावण्याआधी पूर्ण उलगडावी असं सांगितलं जातं. मी मात्र ती घट्ट बांधून बंद जागेत ठेवली होती.

मग मीटरपेटीतला एमसीबी का पडला नाही, असं माझ्या मेव्हण्याने विचारलं. तो प्रश्न बरोबर होता. आमच्या हॉलच्या लाईनचा एमसीबी 16 अँपिअरचा आहे. तो भिंतीतल्या जाड वायरीची राखण करतो. त्याच्या दृष्टीने नऊ अँपिअर म्हणजे काहीच नाही. भिंतीबाहेर आपण जी बारीक वायर जोडतो, तिचा त्याला पत्ताच नसतो. तिची राखण आपणच करायची असते. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला शॉक लागल्यावर लाईन तोडणारं यंत्र वेगळं, त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी तो 30 मिलीअँपिअरचा बसवतात. त्यावर टेस्टचं एक छोटं बटण असतं, ते अधूनमधून दाबून पाहायचं असतं. तुमच्या घरात तो आहे का, हे आज वायरमनला विचारा.

ईदच्या दिवशी भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, अल्लाहने वाचवलं. मीही तेच म्हणतो. पण हे वाक्य जिथे संपतं तिथून आपली जबाबदारी सुरू होते, हे आपण विसरतो. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी बांध आणि मग अल्लाहवर विसंब असं सांगितल्याची हदीस तिर्मिजीच्या संग्रहात आहे. ती आपण लग्नाच्या, नोकरीच्या, आजारपणाच्या वेळी एकमेकांना ऐकवतो. शोकेसच्या मागच्या वायरीला ती लावत नाही. सहीह बुखारीत तर याहून जवळची शिकवण आहे. रात्री झोपताना दिवे विझवावेत, कारण उंदीर पेटती वात ओढून नेऊ शकतो आणि घराला आग लागू शकते, असं तिथे बजावलं आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही सूचना किती बारीक आहे पाहा. कारण सांगितलं आहे, धोका कुठून येईल तेही सांगितलं आहे. आज आपल्याकडे वात नाही, पण उंदीर आहे आणि वायरीचं प्लास्टिक तो आवडीने कुरतडतो. शोकेसच्या मागचं भेंडोळं ही त्याच्यासाठी तयार जागा असते.

वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानाचाच एक भाग मानला गेला आहे. आपण रस्त्यावरचा काटा किंवा काच उचलतो आणि घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून गेलेली वायर रोज ओलांडतो. रात्री तहज्जुदला उठणारी आई आणि सहरीला अर्ध्या झोपेत चालणारी मुलं तीच वायर ओलांडतात. वाट म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे.

आता टायविषयी. ज्या वस्तूने मला फसवलं असं मला वाटलं, तिची माहिती मी नंतर काढली. केबल टाय हा मुळात घरासाठी बनलेलाच नाही. 1958 मध्ये अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स या कंपनीतल्या मॉरस लोगन यांनी तो विमानांतल्या वायरींसाठी तयार केला. त्याआधी विमानाच्या कारखान्यात कामगार मेण लावलेल्या दोऱ्याने हजारो गाठी मारत आणि त्या ओढताना त्यांचे हात कापत. सुरुवातीच्या टायमध्ये दात धातूचा होता, पुढे सगळा टाय नायलॉनचा झाला. म्हणजे ही वस्तू जन्मली ती एकदा बांधलं की पुन्हा हलू नये, अशा कामासाठी. विमानाच्या पंखातली वायर रोज कुणी काढत नाही. आपल्या घरातला चार्जर मात्र दिवसातून चारदा हलतो. दोन्हीला एकच बांधणी कशी चालेल?

म्हणून माझा पहिला नियम. जे वर्षभर हलणार नाही त्यालाच टाय. इन्व्हर्टरपासून बोर्डापर्यंत गेलेली वायर, टीव्हीच्या मागची कायमची जोडणी, खिडकीच्या गजावरून आत आलेली केबल. जे हलतं, गुंडाळलं जातं, प्रवासाला जातं, त्याला कापडी चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो. ती युक्ती जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरला कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून सुचली होती. वेल्क्रो विकत आणायलाच हवा असंही नाही. जुन्या बुटांची, फाटलेल्या दप्तराची पट्टी कापून ठेवा. तेही नसेल तर जुन्या दुपट्ट्याची बोटभर रुंद चिंधी पुरते. रबरबँड मात्र नको. आपल्या उन्हाळ्यात तो सहा महिन्यांत चिकट होतो आणि वायरीवर डाग सोडतो.

दुसरा नियम, टाय कधीही पूर्ण आवळू नका. बांधल्यावर वायरी आत थोड्या सरकल्या पाहिजेत. घट्ट टाय वायरीच्या प्लास्टिकवर वळ पाडतो. इंटरनेटची फायबर केबल तर टायने बांधूच नका. तिच्या आत केसासारखी काच असते आणि तिच्यातून प्रकाश जातो. तीक्ष्ण वळण पडलं की प्रकाश बाहेर निसटतो आणि आपण फोन करून कंपनीशी भांडत बसतो. तिला मोठ्या बांगडीएवढ्या सैल वेढ्यात राहू द्यावं.

तिसरा नियम, शेपूट कापताना मुळाशी सपाट कापा. कात्रीने तिरकं कापलं तर राहिलेलं टोक ब्लेडसारखं लागतं. धूळ पुसणाऱ्याच्या हाताला ते नक्की लागतं. यासाठी सर्वांत चांगलं हत्यार घराघरात असतं, नेलकटर. आणि टाय वाया गेला असं समजून लगेच कापून टाकू नका. डोक्यातली छोटी जीभ सुईच्या किंवा पिनेच्या टोकाने उचलली की तो सुटतो आणि पुन्हा वापरता येतो.

टाय साठवायचे कसे, हेही महत्त्वाचं आहे. हे मला माहीत नव्हतं, म्हणून माझं एक पूर्ण पाकीट वाया गेलं. ते माळ्यावर पत्र्याखाली उघडं पडलं होतं. एप्रिलमध्ये काढलं तर ओढताच कटकन तुटायला लागलं. टाय ज्या नायलॉनचे असतात त्याला लवचीक राहायला थोडा ओलावा लागतो. कोरड्या तापलेल्या जागेत तो ओलावा उडतो आणि टाय ठिसूळ होतो. म्हणून ते मूळच्या पिशवीतच, तोंड बंद करून, सावलीत ठेवायचे. नुसता ओलावा गेला असेल तर पिशवीत पाण्याचे चार थेंब टाकून एक-दोन दिवस बंद ठेवल्यावर ते बरेचसे सुधारतात. उन्हाने खराब झालेले मात्र सुधारत नाहीत. गच्चीवर, गॅलरीत पांढरे टाय वापरू नका. काळ्या रंगात काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो, तो ऊन सोसतो.

आमच्याकडे आता तीन मापं आहेत. 100 मिलिमीटरचे बारीक, 200 चे मधले आणि 300 चे लांब. बारीक टाय साधारण आठ किलोचा ताण सोसतो, लांब आणि रुंद टाय वीसच्या पुढे. घरातल्या दहापैकी आठ कामांना बारीकच पुरतो. तिन्ही मापांना रमजाननंतर उरलेले खजुराचे पारदर्शक डबे दिले. प्रत्येकाला झाकण आहे, आतलं दिसतं, एकावर एक बसतात. नेलकटर, चिंध्या आणि मार्कर त्यांच्याच शेजारी. बाजारात आणि मोबाईलवर हल्ली वायरी ठेवायच्या सुंदर पेट्या, खण, चिमटे विकायला असतात. ते घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण गुंता तसाच ठेवून त्याला महागडी पेटी घेणं हा मला इस्राफ वाटतो. आधी आहे ते कमी करा.

कमी करायला बसलो तेव्हा आमच्या घरात सव्वीस वायरी निघाल्या. ज्या फोनच्या होत्या ते फोन घरात नव्हते असे नऊ चार्जर. अब्बांच्या रेडिओची एक वायर, ती मी ठेवली. बाकी ज्यांचं प्लास्टिक फाटलं होतं त्या बाजूला काढल्या. इथे एक विनंती आहे. आपल्या कितीतरी वस्त्यांत भंगाराचा धंदा आहे आणि त्यावर घरं चालतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण तांबं काढायला वायर जाळली जाते तेव्हा जो धूर निघतो तो विषारी असतो. त्यात आम्ल असतं, डायॉक्सिनसारखी द्रव्यं असतात आणि तो सर्वांत आधी तिथेच खेळणाऱ्या आपल्या पोरांच्या छातीत जातो. वायर देताना सांगून द्या की सोलून काढ, जाळू नको. किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यांत मोठं आहे आणि त्यासाठीच हा लेख लिहितो आहे. ते म्हणजे नाव लिहिणं.

चांदरातीला अम्मीला पिन ओढायची भीती नव्हती. तिचे हातही थरथरत नव्हते. तिला फक्त माहिती नव्हती. ती माहिती एका माणसाच्या डोक्यात होती आणि तो माणूस दुधाच्या रांगेत उभा होता. घरातल्या वायरींचं ज्ञान एकट्या पुरुषाकडे असणं ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. वायर ओढतो तो, जोडतो तो, लपवतो तो. त्या वायरीभोवतीची धूळ काढते ती. इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन दिवसभर चालवते ती. घरात जास्त वेळ असतात त्या आई, पत्नी, मुली. आणि धोका आला की त्यांनी विचारायचं, कोणती पिन काढू? ही रीत बदलली पाहिजे. ज्याच्या हाती झाडू आहे त्याला विचारल्याशिवाय कुठलीही वायर जमिनीवरून नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईदच्या तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्या लिहायला बसलो तेव्हा एक अडचण आली. अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही. तिचं सगळं वाचन कुरआन आणि उर्दू वर्तमानपत्राचं. माझ्या मुली मराठी माध्यमात शिकतात, त्या उर्दू अडखळत वाचतात. ही अडचण आपल्यातल्या अनेकांच्या घरी आहे. एकाच छताखाली दोन लिपी राहतात आणि एक पिढी दुसरीची चिठ्ठी वाचू शकत नाही. मी दोन्ही भाषा शिकवतो, वर्गात भिंतीवर तक्ते लावतो. जो तक्ता फक्त शिक्षकालाच कळतो तो तक्ता नसतो, हे बीएडला शिकलो होतो. घरात मात्र मी तसा तक्ताही लावला नव्हता.

मग प्रत्येक चिठ्ठीवर वर उर्दू आणि खाली मराठी लिहिलं. कूलर. टीव्ही. राउटर. एक्स्टेन्शन. चिठ्ठी वायरीच्या दोन्ही टोकांना लावली, पिनेजवळ आणि यंत्राजवळ, कारण संकटात माणूस कुठल्या टोकाला असेल सांगता येत नाही. कागदावर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे पुसताना शाई जात नाही. उर्दू चिठ्ठ्या थोरलीकडून लिहून घेतल्या. तिचं राउटर चुकलं, अम्मीने दुरुस्त केलं. दोघी त्या दिवशी बराच वेळ एका कागदावर वाकून बसल्या होत्या. भाचा म्हणाला, छोट्याला तर काहीच वाचता येत नाही. मग त्याच्यासाठी प्रत्येक चिठ्ठीवर चित्र काढलं. आणि जी पिन संकटात सर्वांत आधी ओढायची, तिला लाल फीत बांधली. मीटरपेटीतही प्रत्येक एमसीबीखाली हॉल, स्वयंपाकघर, खोली असं दोन्ही लिपींत लिहिलं.

शोकेस भिंतीपासून हातभर बाजूला सरकवलं. हॉल थोडा लहान झाला, पण बोर्ड उघडा दिसतो आणि हात सहज जातो. इस्त्रीसाठी वायरमनकडून मोठ्या पिनेचा 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. तिथे एक्स्टेन्शन चालणार नाही, हा घराचा कायदा. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही हे खरं आहे. पण चिठ्ठी लावायला, फाटकी वायर टाकून द्यायला, जड वस्तू एक्स्टेन्शनवरून काढायला घरमालकाची परवानगी लागत नाही. वायर खुर्चीच्या, टेबलाच्या पायाला सैल टायने बांधता येते. भिंतीवर चिकटणारी पोकळ प्लास्टिकची पट्टी मिळते, ती भोकाशिवाय बसते. गालिचाखालून मात्र वायर नेऊ नका. तिथे उष्णता कोंडते आणि पायाखाली प्लास्टिक घासतं, तेही कुणाला न दिसता.

हे घरापुरतं का ठेवावं? उन्हाळ्यात तरावीहला मशिदीत उभे पंखे लावतात. त्यांच्या वायरी जिथे चपला काढतो त्या दारातून, दोन सफांच्या मधून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वजू करून ओल्या पायांनी येणारे बुजुर्ग त्यांवरून चालतात. लग्नाच्या मांडवात, उरुसात, गणपतीच्या मंडपात, निवडणुकीच्या सभेत हेच चित्र असतं. चार दिवसांचंच तर आहे, असं म्हणून आपण जोडांवर नुसती काळी टेप गुंडाळतो. शॉक लागायला चार दिवस लागत नाहीत. मोहल्ल्यातल्या तरुणांनी रमजानच्या आधी एक संध्याकाळ मशिदीच्या वायरींना दिली, त्या भिंतीच्या कडेने, वरून नेल्या आणि पंख्यांवर नावं लिहिली, तर ती खिदमतच आहे.

एक मित्र म्हणाला, मास्तर, तुम्ही एवढ्या मोठ्या विषयांवर लिहायचे आणि आता वायरींवर आलात? समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे प्रश्न आहेत. आहेतच. पण मोठ्या प्रश्नांवर बोलताना हाताशी असलेलं काम टाळण्याची आपल्याला सवय लागली आहे, असं मला वाटतं. ज्या कामासाठी सरकार लागत नाही, पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, ते तरी आपण करतो का? शोकेसच्या मागे मी दोन महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

हे सगळं करायला मला दोन दुपारी लागल्या. तुम्हाला एक पुरेल. या जुम्याला नमाजहून आल्यावर टीव्हीचं कपाट पुढे ओढा. मुलांना सोबत घ्या. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथे उभं करून विचारा, धूर निघाला तर कोणती पिन काढाल? त्यांनी बरोबर पिनेवर बोट ठेवेपर्यंत काम संपलं असं समजू नका. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अम्मीला विचारतो. ती हल्ली चिडते, म्हणते मला पाठ झालंय, रोज रोज काय विचारतोस. आणि लाल फितीच्या पिनेवर बोट ठेवते.